परक्या पाण्याची वेळ

नराराला जायचं असेल तर जुने, नाडीचे, पायाला घट्ट बसणारे बूट घेऊन जा. चपला नकोत, सँडल नकोत, आणि दुकानदार ‘वॉटरप्रूफ आहेत साहेब’ म्हणून जे गळ्यात मारतो ते तर मुळीच नकोत. मी डोंबिवलीच्या दुकानातून तसलेच कोरे करकरीत बूट घेतले होते. अर्ध्या तासात उजव्याचा तळ सुटला आणि पुढचा सगळा समुद्र मी पायाला रुमाल बांधून चाललो.

समुद्र चाललो म्हणजे खरंच चाललो. कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठाला, जामनगरच्या पुढे, हे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. ओहोटीला तिथलं पाणी इतकं मागे सरतं की समुद्राचा तळच उघडा पडतो. बोट नको, पाठीवर हवेची नळकांडी नकोत. तळावरून चालत जायचं आणि दगडांमधल्या डबक्यांत वाकून बघायचं. तिथे ऑक्टोपस दिसतो, चिडला की चेंडूसारखा फुगणारा मासा दिसतो, प्रवाळ दिसतं, आणि फूल समजून बोट लावावं तर अंग आखडून घेणारे प्राणी दिसतात. असं म्हणतात. मी ‘म्हणतात’ लिहितोय, कारण यातलं बरंचसं मीही पाहिलेलं नाही. का पाहिलं नाही, तेच सांगायला बसलो आहे.

बाळकुम

मला तिथे जायची हौस नव्हती. हौस होती हिराआत्याला, माझ्या वडिलांच्या बहिणीला. वय पंचाहत्तरच्या पुढे. बाळकुमला, ठाण्याच्या खाडीकाठी, आमची मिठागरं होती, त्या जागी आता इमारती आहेत, आणि त्यातल्याच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आत्या माझ्या धाकट्या भावाकडे राहते. तरुणपणी तिनं आगरात मिठाच्या पाट्या वाहिल्या आणि उरलेल्या वेळात खाडीच्या चिखलात हात घालून घरचं कालवण भागवलं. खांद्यापर्यंत हात बिळात घालायचा आणि खेकडा, आमची चिंबोरी, धरायची. निवटी धरायची, म्हणजे चिखलावर उड्या मारणारा तो बोटभर मासा. चिंबोरी नर की मादी, भरलेली की पोकळ, हे ती हात बिळात असतानाच सांगायची.

पण हे सगळं हातानं. आमच्या खाडीचं पाणी आत्याच्या लहानपणीही गढूळच होतं. त्याचा तळ कुणी पाहिलेला नाही.

साखरेनं आत्याच्या डोळ्यांचा पडदा खराब केला. ठाण्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, लेझर केलं, आणि शेवटी मला बाजूला घेऊन सांगितलं की आहे ते वर्षभर टिकलं तरी खूप. तेव्हा तिला दोन हातांवरचं दिसत होतं. त्यापलीकडे सगळं दूध सांडल्यासारखं.

एका रविवारी मी पेपरातला एक फोटो तिच्या नाकाशी धरला. नराराच्या डबक्यातला ऑक्टोपस होता.

“पानी कुठं हाय?” तिनं विचारलं.

“अगं, पाण्यातच आहे तो. पाणी स्वच्छ आहे म्हणून दिसत नाही.”

तिनं कागद हातात घेतला, आणखी जवळ नेला.

“तल दिसतंय रे,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “मधू, मी सगला हातान बगला. डोल्यान नाय बगला कवा. मना नेशील क तिथं?”

भाऊ म्हणाला, या वयात, या डोळ्यांनी, काय वेड लागलंय का तुम्हाला? माझी बायको म्हणाली, न्या त्यांना, नाही तर जन्मभर स्वतःला खात बसाल. मी तिकिटं काढली.

जामनगर, पौष वद्य द्वितीया

गाडीत आत्यानं समोरच्या बाकावरच्या सुरती कुटुंबाला खाडीच्या भरतीचं गणित शिकवलं. त्यांना मराठी कळत नव्हतं, याचं तिला काही वाटलं नाही.

ते गणित तुम्हालाही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मी शहाडच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, पण मला पहिली पाऊणकी शिकवली ती आत्यानं, आणि ती शाळेची पायरी चढलेली नाही. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. तितके वाजता खाडी भरते. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. त्यात सहा तास मिळवा, पुरी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. मी लहानपणी वडिलांचं घड्याळ घेऊन बांधावर बसायचो आणि आत्याची चूक काढायला टपलेलो असायचो. कधी सापडली नाही.

या हिशेबाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही. तिची एक मैत्रीण होती, कमळी. उधाणाच्या दिवशी दोघी खाडीच्या मधल्या भाटीवर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या उंचवट्यावर, गेल्या होत्या. वेळ झाली तशी आत्या म्हणाली, फिर. कमळी म्हणाली, एवढं एक बीळ. आत्या काठावर आली आणि कमळी आली नाही. त्या वेळी दोघी अठरा-एकोणीसच्या असतील. तेव्हापासून वेळ झाली की आत्या फिरते, आणि बरोबरच्याला हाताला धरून फिरवते.

जामनगरला रात्री जेवायला बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो आणि गूळ होता. ओळो म्हणजे आपलं भरीतच, पण लसूण इतका सढळ की डोळ्यांत पाणी आलं. आत्यानं रोटला चाचपला. “आपली तांदलाची भाकरी पातल,” असा निकाल दिला आणि दोन खाल्ले. मग वाढणाऱ्याला विचारलं, “म्हावरा नाय?” तो बिचारा शुद्ध शाकाहारी पाटीखाली उभा होता. मी पटकन ताक मागवलं.

जेवण झाल्यावर वाटाड्याचा फोन आला. सुलेमानभाई, काठावरच्या गावातला, मासेमारीच्या घरातला माणूस. तो म्हणाला, “साहेब, सवेरे साडे सात गेट पे आ जाओ. पौने दस तक पाणी उतरेगा. आराम से दिखाऊंगा.”

मी फोन ठेवला आणि मनात आकडे मांडले. उद्या तृतीया. आत्याच्या हिशेबानं पुरी सुकती सव्वाआठला. सुलेमान म्हणतो पावणेदहा. दीड तासाचा फरक. नकाशा उघडून पाहिला तेव्हा कारणही कळलं. आखात लांबलचक, आत घुसलेलं. पाण्याला तिथवर पोचायला आणि तिथून निघायला वेळ लागणारच. आत्याचं गणित बाळकुमचं होतं, इथलं नव्हतं.

हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. ती खाटेवर बसून पायांना खोबरेल लावत होती. “उद्या तीज,” ती म्हणाली, “तीन पाऊण सव्वादोन. सव्वाआठला फिराचा, मधू. घड्याल बगत ऱ्हा.” किती महिन्यांनी मी तिला इतकं खुशीत पाहत होतो. घरात तिला आता कुणी काही विचारत नाही. भाजी निवडायलाही देत नाहीत, खडे राहतात म्हणून. या एका गोष्टीत ती अजून सगळ्यांच्या वर होती. फळ्यावरची चूक दिसली की मास्तरचा हात शिवशिवतो म्हणतात. त्या रात्री मी डस्टर खाली ठेवलं. म्हटलं, उद्या सुलेमान सांगेल आणि तिला पटेल. मी कशाला वाईटपणा घेऊ?

नरारा, तृतीया

फाटकाजवळ परवाना दाखवला. मागे तेलाच्या कारखान्यांची धुराडी दिसत होती, पुढे नुसता ओला, राखाडी सपाट प्रदेश, आणि पाणी कुठे तरी क्षितिजाला. राजकोटच्या कॉलेजची पंधरा-वीस मुलं दुसऱ्या वाटाड्याबरोबर आमच्यापुढे निघाली होती. हवेत गारठा होता. आत्यानं साडी गुडघ्याच्या वर खोचली, काठी माझ्या हातात दिली आणि चिखलात पाय घातला.

“बराय,” ती म्हणाली. “आपल्या चिकलाला आता गटाराचा वास. याला नाय.”

मी घसरत होतो, ती चालत होती. पहिल्या पट्ट्यात खारफुटी होती. तिथे डाव्या बाजूला चपक् असा आवाज झाला आणि आत्या थांबली. सुलेमान काही तरी सांगत होता, इथल्या कुठल्याही जिवाला हात लावायचा नाही, काही उचलायचं नाही, राष्ट्रीय उद्यान आहे, वगैरे. त्याचं बोलून होईपर्यंत आत्या खाली बसली होती, कोपरापर्यंत हात बिळात गेला होता, आणि वर आला तेव्हा मुठीत एक निवटी वळवळत होती. आमच्याकडच्यापेक्षा दुप्पट मोठी.

“अरे माजी! छोडो, छोडो!” सुलेमानचा चेहरा उतरला.

“चार आनखी गावली तर कालवन हुईल,” आत्या म्हणाली. मग तिनं निवटी डोळ्यांजवळ धरली, वरचे दोन फुगीर डोळे नीट पाहिले, अंगावरचे निळे ठिपके पाहिले. “ठिपके हाईत रे हिला,” ती मला म्हणाली. “मना ठावच नव्हता.” वर्षानुवर्षं तिनं हा मासा धरला, साफ केला, शिजवला होता. चिखलातून धुऊन काढताना कुणी ठिपके बघत नाही. तिनं निवटी अलगद खाली सोडली. सुलेमान हसला, पण त्यानंतर त्यानं तिच्या हातांवरची नजर काढली नाही.

पुढे खडक सुरू झाले. डबकी होती, पण गढूळ. आमच्याच पावलांनी चिखल ढवळत होता. सुलेमाननं समोर बोट केलं. तिकडे, प्रवाळाच्या कडेला पाणी काचेसारखं आहे, अजून वीस-पंचवीस मिनिटं. मुलं तिकडेच चालली होती. माझ्या बुटाचा तळ इथेच सुटला. रुमाल बांधण्यात पाच मिनिटं गेली. आत्या उभ्या उभ्या पायानं पाणी चाचपत होती.

“किती वाजले?” तिनं विचारलं.

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी सांगितलं.

“फिरा,” ती म्हणाली.

सुलेमानला वाटलं, म्हातारी थकली. “माजी, थोडुंक ज बाकी छे. पाणी हजी उतरे छे. दोढ कलाक उतरशे.”

“काय बोलतंय तो?”

“म्हणतो, पाणी अजून उतरतंय. दीड तास उतरेल.”

आत्यानं माझा दंड धरला. पकड अशी की मला हलता येईना. “मधू, आज तीज हाय क नाय?”

आता सांगायला हवं होतं. आत्या, हिशेब बरोबर आहे, पाणी वेगळं आहे. एवढंच वाक्य होतं. पण तिचा चेहरा माझ्याकडे वळला होता आणि त्यावर भीती होती. मी तिला आयुष्यात कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तिला मी दिसत होतो, माझ्यामागे काहीच दिसत नव्हतं, आणि त्या न दिसणाऱ्या भागातून पाणी येणार अशी तिची खात्री होती.

“हो आत्या,” मी म्हणालो. “तीज आहे.”

“मंग फिर.”

आणि आम्ही फिरलो. सुलेमान मागून हिंदीत मला समजावत आला. मी त्याला हातानं गप्प केलं.

काठावर पोचलो तेव्हा नऊ वाजायला आले होते. खारफुटीच्या कडेला एका दगडावर आत्या बसली. समुद्र आणखी मागे गेला होता. आम्ही वळलो होतो तिथल्या डबक्यांतलंसुद्धा पाणी ओसरून खडक उन्हात चमकत होते, आणि पार लांब, प्रवाळाच्या कडेवर, ती मुलं गोल करून खाली वाकली होती. त्यांचं ओरडणं वाऱ्यावर तुटक ऐकू येत होतं. काही तरी सापडलं असणार.

आत्या समोरच्या दुधाकडे बघत होती.

“आला क पानी?” तिनं विचारलं.

अजून पाऊण तास होता. वळलो असतो तर पोचलो असतो. थोडं धावपळीत, पण पोचलो असतो. सुलेमान दोन पावलांवर उकिडवा बसून विडी पेटवत होता.

“आलं आत्या,” मी म्हणालो. “तुझ्या हिशेबानंच आलं.”

सुलेमाननं विडीवरून मान वर केली. त्याला मराठी येत नव्हतं, पण काही शब्द कळायला भाषा लागत नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग त्यानं समुद्राकडे तोंड फिरवलं.

आत्यानं नमस्कारासारखे हात जोडले आणि मांडीवर ठेवून दिले.

जेवण सुलेमाननं आपल्या घरी, लवकरच ठेवलं होतं. अंगणात बाज, कडेला वाळत घातलेली जाळी. त्याच्या बायकोनं म्हावऱ्याचं तिखट कालवण केलं होतं. आत्याचा चेहरा खुलला. तिनं बोटांनी चाचपून मासा ओळखला, काटे काढले, आणि भाषा येत नसताना दोघी बायकांनी मसाल्याची देवाणघेवाण केली. सुलेमान मध्येच म्हणाला, “साहेब, वो कॉलेजवालों को दो ऑक्टोपस…” मी घाईघाईनं पाणी मागितलं. त्यानं तांब्या पुढे केला आणि विषय सोडला.

जेवता जेवता अकराच्या सुमाराला वारा फिरला. आत्याचा घास हातातच राहिला. तिनं मान वर करून एक-दोनदा हवा ओढली. मला वाटलं, ठसका लागतोय. मग ती पुन्हा जेवायला लागली.

चतुर्थी

दुसऱ्या दिवशी आत्याचा संकष्टीचा उपास होता आणि आमची गाडी संध्याकाळची होती. सकाळ अख्खी मोकळी होती. मी म्हणालो, “पुन्हा जाऊ या का? परवाना मिळेल.” मनात ठरवलं होतं, या वेळी सुलेमानच्या वेळेनं जायचं, तिला काही तरी सांगून.

“नको,” आत्या म्हणाली. “झाला बगून.”

मी दोनदा विचारलं. तिनं पिशवी भरायला घेतली. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची आता लाज वाटते.

तर ज्यांना जायचं असेल त्यांनी जा. थंडीत जा, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जा. पाण्याची वेळ तिथल्या माणसाला विचारा, आणि बरोबर कुणी मोठं माणूस असेल तर ती वेळ त्याला आदल्या रात्रीच सांगा.

बाळकुम

आत्याची नजर वैशाखातच गेली. डॉक्टरांनी दिलेलं वर्षही पुरतं मिळालं नाही. मी रविवारी डोंबिवलीहून जातो. ती गॅलरीत खुर्चीवर बसते. समोर दोन टॉवर, त्यांच्या फटीतून खाडीचा एक तुकडा दिसतो. त्या टॉवरच्या जाहिरातीत त्याच तुकड्याचं केवढं मोठं चित्र आहे.

परवाच्या रविवारी तिनं विचारलं, “आज काय तिथी?”

“षष्ठी.”

“सा पाऊण साडेचार,” ती म्हणाली. मग, काही ठरवल्यासारखं, “मधू, त्या दिवशी पानी आला नव्हता ना रे?”

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला.

“भरतीला वास येतो,” ती म्हणाली. “डोले गेले म्हनून नाक जात नाय. त्या सुलेमानच्या अंगनात आला, जेवताना. तवा समजलं, आपला हिशोब हितं लागू नाय.”

“मग दुसऱ्या दिवशी का नाही म्हणालीस? मी विचारलं होतं ना गं तुला.”

“ज्या पान्याची येल मना ठाव नाय त्यात मी पाय नाय घालीत. कमली गेली तवापासून नाय.” ती थांबली. “आनि तू बोललास, तुझ्या हिशोबान आला. बोलताना तुझा आवाज रडवेला झालता. मना वाटला, ऱ्हाऊंदे. पोराचं मन ऱ्हाऊंदे.”

मी साठीचा म्हातारा, तिच्या पायाशी बसून रडलो. म्हणालो, “आत्या, पाऊण तास होता गं. मी आदल्या रात्रीपासून जाणत होतो. मी बोललो असतो तर तू पाहिलं असतंस.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. खाली कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न बराच वेळ वाजत राहिला.

“त्या पोरांनी तल बगला ना?” तिनं विचारलं. “कसा व्हता? साफ व्हता क?”

गेल्या सहा महिन्यांत मी नराराचे शेकडो फोटो पाहिलेत. दगड कसे असतात, पाणी कसं हिरवं असतं, ऑक्टोपस रंग कसा बदलतो, सगळं मला पाठ आहे. हवं तितकं सांगता आलं असतं. तिनं मान माझ्याकडे वळवली होती आणि ती वाट बघत होती.

“मला माहीत नाही, आत्या,” मी म्हणालो. “मीही नाही बघितला.”

तिनं हवेत हात फिरवून माझा हात शोधला आणि मनगटाशी धरला. चिंबोरी धरतात तसा, मागून, अंगठा दाबून.

“हां,” ती म्हणाली. “आता खरा बोललास.”

दोन टॉवरांच्या फटीत खाडी काठोकाठ भरली होती. मी घड्याळ पाहिलं. साडेचार वाजले होते.